हिरवा पडदा आणि हिरवा चुडा

नाशिक शहराबाहेर पांडवलेण्यांच्या पायथ्याशी दादासाहेब फाळके यांचे स्मारक आहे. शाळांच्या सहली तिथे जातात, मुले बागेत खेळतात, डबा खातात आणि परत येतात. फाळके हे आपल्या जिल्ह्याचे. धुंडिराज गोविंद फाळके ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वरला जन्मले. ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ ला मुंबईत लोकांसमोर आला आणि त्याच वर्षी फाळके आपला सारा संसार व कारखाना घेऊन नाशिकला आले. १९१८ साली हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी निघाली तीही नाशिकलाच. त्या वर्षीच्या ‘श्रीकृष्ण जन्म’मध्ये कंसाला भयस्वप्न पडते, त्याचेच मस्तक धडावेगळे होऊन वर जाते आणि पुन्हा जागेवर येते. संगणक नाही, वीज जेमतेम, रंगीत फिल्म तर स्वप्नातही नाही. मग हे केले कसे?

फाळके चित्रपटात येण्याआधी छायाचित्रण, छपाई आणि जादूचे प्रयोग या तिन्हींत मुरलेले होते. अशा दृश्यांचे त्या काळचे मूळ तंत्र साधे आहे. फिल्मवर जिथे प्रकाश पडतो तिथेच चित्र उमटते. काळे कापड फारसा प्रकाश परत पाठवत नाही, म्हणून काळ्या पडद्यासमोर माणूस उभा केला तर फिल्मवर फक्त माणूस उमटतो आणि बाकीची जागा कोरी राहते. तीच फिल्म कॅमेऱ्यात मागे गुंडाळायची आणि कोऱ्या राहिलेल्या जागी दुसरे दृश्य घ्यायचे. काळ्या कापडाने धड झाकले की उरते फक्त डोके. फ्रान्समध्ये जॉर्ज मेलिएस यांनी १८९८ सालीच आपले डोके असे तीन-चारदा काढून टेबलावर मांडून दाखवले होते.

या युक्तीत एक खोट आहे. काळा पडदा आणि काळे केस यांतला फरक फिल्मला कळत नाही. काळा कोट घातलेला नट असला तर कोटाला भोक पडून मागचा डोंगर दिसू लागतो. म्हणून पुढे लोकांनी विचार केला की माणसाच्या अंगावर सहसा नसतो असा रंग मागे ठेवावा. माणसाची कातडी गोरी असो वा सावळी, तिच्यात लाल-नारिंगी छटा असते. निळा त्यापासून दूरचा. १९४० सालच्या ‘द थीफ ऑफ बगदाद’ या चित्रपटात निळ्या पडद्याचा मोठा वापर झाला. त्यानंतर पेट्रो व्लाहोस नावाच्या अमेरिकन तंत्रज्ञाने रंगांच्या वजाबाकीची युक्ती काढली आणि ती १९५९ च्या ‘बेन-हर’मध्ये वापरली गेली. आज मोबाईलमधल्या संपादनाच्या ॲपात ‘क्रोमा की’ नावाचे बटण असते. ते दाबल्यावर आतमध्ये जे घडते ते बरेचसे या वजाबाकीच्याच वंशातले असते.

२०२० साली शाळा बंद झाल्या तेव्हा कितीतरी शिक्षकांनी प्रथमच मोबाईलवर पाठ चित्रित केले. शाळा पुन्हा भरल्या तरी ती सवय राहिली. कापडपेठेतून हिरवे कापड आणायचे, भिंतीवर टांगायचे, समोर उभे राहून ज्वालामुखी शिकवायचा आणि मागे खरा ज्वालामुखी लावायचा. कल्पना छान. पण प्रत्यक्षात केसांभोवती हिरवी कड येते, पडद्याच्या कोपऱ्यात डाग वळवळतात, बोटे हलली की विरघळतात. आणि आपल्याकडचा खास घोटाळा म्हणजे बाईंच्या हातातल्या हिरव्या बांगड्या गायब होतात आणि मनगट तुटल्यासारखे दिसते. वर्गात हशा पिकतो आणि ज्वालामुखी बाजूला राहतो.

पुष्कळदा यावर ‘अमुक पट्टी इतकी सरकवा’ अशा सूचना सांगितल्या जातात. त्या एका चित्रफितीला लागू पडतात आणि दुसरीला पडत नाहीत. आपण जरा आत डोकावून पाहू या.

वजाबाकीचा खेळ

चित्रफीत म्हणजे चित्रांची माळ आणि प्रत्येक चित्र म्हणजे ठिपक्यांची रांगोळी. प्रत्येक ठिपक्याला तीन आकडे असतात: लाल किती, हिरवा किती, निळा किती. प्रत्येक आकडा ० ते २५५ यांच्या दरम्यान. समजण्यासाठी काही आकडे धरू. चांगल्या उजेडातल्या हिरव्या कापडाचा ठिपका (६०, १८०, ७०). चेहऱ्याचा ठिपका (२००, १५०, १२०). काळ्या केसांचा (३०, २८, २६). पांढऱ्या कागदाचा (२३०, २३०, २२५).

आता प्रत्येक ठिपक्यात हिरव्यातून, लाल आणि निळ्यापैकी जो मोठा असेल तो वजा करा. कापडाचे उत्तर येते ११०. चेहऱ्याचे उणे ५०. केसांचे उणे २. कागदाचे शून्य. पाहा, पांढऱ्या कागदात हिरवा प्रकाश कापडापेक्षाही जास्त आहे, तरी तो पडदा ठरत नाही. कारण प्रश्न हिरवा किती हा नसून हिरवा इतरांपेक्षा किती जास्त हा आहे. ॲपला आपण एक हद्द सांगतो, समजा ६०. उत्तर त्याहून मोठे आले तर ठिपका पारदर्शक करायचा, लहान आले तर ठेवायचा. सगळी ॲपे नेमकी हीच रीत वापरत नाहीत. काही रंगछटेचा कोन मोजतात, काही निवडलेल्या रंगापासूनचे अंतर. पण अडचणी सर्वांच्या सारख्याच आहेत.

पहिली अडचण सावलीची. कापडाची घडी पडली किंवा शिक्षकांची सावली पडद्यावर पडली, आणि तिथला प्रकाश एक तृतीयांश झाला, तर ठिपका होतो (२०, ६०, २३). वजाबाकी ३७. हद्द ६० असल्यामुळे तो पडदा ठरत नाही आणि चित्रात काळपट हिरवा डाग उरतो. सोपा उपाय म्हणून आपण पट्टी सरकवून हद्द ३० करतो. डाग जातो. पण बांगडीचा ठिपका समजा (२०, ११०, ६०) आहे. त्याची वजाबाकी ५०. डागाबरोबर बांगडीही गेली! म्हणजे बांगडी गायब होण्याचे मूळ पुष्कळदा बांगडीत नसून पडद्यावरच्या सावलीत असते. पडदा एकसारखा उजळलेला असता तर हद्द ८० ठेवून भागले असते आणि ५० ची बांगडी सुखरूप राहिली असती.

छटेचा कोन मोजणाऱ्या ॲपाला सावली इतकी नडत नाही, कारण सावलीत तिन्ही आकडे एकाच प्रमाणात घटतात आणि छटा तीच राहते. मात्र अंधारात कॅमेऱ्याच्या संवेदकात आपोआप उठणारी खळबळ मोठी दिसू लागते. १८० मध्ये पाच-दहाची चूक कोणाच्या लक्षात येत नाही. २० मध्ये तेवढीच चूक छटा बदलून टाकते. पडद्याच्या अंधाऱ्या कोपऱ्यात मुंग्या चालल्यासारखे दिसते ते यामुळे.

तेव्हा संपादनात पट्ट्या सरकवण्यात जो तास जातो त्यातली पंधरा मिनिटे आधी कापडावर घालवावीत. कापड सुती आणि चमक नसलेले हवे. मांजरपाट किंवा साधी चादर उत्तम, साटीन अजिबात नको. इस्त्री करून वरच्या काठाला काठी आणि खालच्या काठाला वजन द्यावे. खोलीतल्या एकाच ट्यूबवर विसंबू नये; ती छताजवळ असते आणि कापडाचा वरचा भाग उजळून खालचा अंधारात ठेवते. पडद्यासाठी दोन्ही बाजूंना एकेक दिवा आणि शिक्षकांसाठी समोरून वेगळा, अशी विभागणी करावी. दिवे नसतील तर दिवसा उत्तरेकडे तोंड असलेला व्हरांडा हा फुकटचा स्टुडिओ आहे. तिथे वर्षातला बराच काळ ऊन थेट येत नाही. नाशिक सुमारे २० उत्तर अक्षांशावर असल्याने मेच्या उत्तरार्धापासून जुलैच्या उत्तरार्धापर्यंत दुपारचा सूर्य किंचित उत्तरेकडे झुकतो, तेवढा काळ सोडायचा. (भूगोलाच्या तासाला हाच प्रश्न विचारून पाहा: असे का?)

पडदा एकसारखा उजळला आहे की नाही हे डोळ्याला कळत नाही, कारण आपला डोळा फरक बुजवून घेतो. मोबाईलने पडद्याचा फोटो काढून तो कृष्णधवल करावा आणि त्याचा गडद-फिका भेद पूर्ण वाढवावा. लपलेल्या सावल्या डोंगरासारख्या उठून दिसतात.

केसांची कड

माणूस आणि पडदा यांच्या सीमेवरचा ठिपका अर्धा केस आणि अर्धा पडदा असतो. वरचेच आकडे घेऊन सरासरी काढू: (४५, १०४, ४८). वजाबाकी ५६. हा ठिपका ठेवायचा की टाकायचा? ठेवला तर हिरवी कड, टाकला तर केस कात्रीने कापल्यासारखे. व्लाहोस यांच्या युक्तीची खरी गंमत इथे आहे. पूर्ण पडद्याची वजाबाकी ११०, याची ५६, म्हणजे जवळजवळ निम्मी. तर हा ठिपका निम्मा पारदर्शक करा. ‘ठेवा’ किंवा ‘टाका’ असा निवाडा न देता ‘किती’ असे विचारले की केसांची कड आपोआप मऊ होते. ॲपात एकाऐवजी दोन पट्ट्या असतात त्या यासाठी. एका हद्दीच्या वर पूर्ण पारदर्शक, दुसऱ्या हद्दीच्या खाली पूर्ण अपारदर्शक, आणि मध्ये चढण. दोन हद्दी अगदी जवळ आणल्या की कड करवतीसारखी होते. फार दूर नेल्या की माणूस भुतासारखा अर्धपारदर्शक होतो. दोन्ही तक्रारींचे औषध त्याच दोन पट्ट्यांत आहे.

एवढे करूनही त्या ठिपक्यात हिरवा रंग उरतोच. शिवाय पडद्यावरून परावर्तित झालेला हिरवा प्रकाश खांद्यांवर, गालांच्या कडांवर, पांढऱ्या सदऱ्यावर पडलेला असतो. हिरवळीवर उभे राहून पांढरा कागद खाली धरला तर तो हिरवट दिसतो, तसेच हे. याला ‘स्पिल’ म्हणतात; आपण हिरवी झाक म्हणू. ती काढण्याचा नियम असा की ठिपक्यातला हिरवा आकडा लाल आणि निळ्यापैकी मोठ्यापेक्षा वर जाऊ द्यायचा नाही. (४५, १०४, ४८) चा झाला (४५, ४८, ४८). हिरवी कड राखाडी झाली, आणि काळ्या केसांत राखाडी कोणाला दिसते? काही ॲपे मोठ्या आकड्याऐवजी दोन्हींची सरासरी हद्द म्हणून धरतात. मग झेंडूचे फूल (२३०, १९०, ४०) घ्या. लाल-निळ्याची सरासरी १३५, म्हणून हिरवा १९० चा १३५ होतो आणि पिवळा झेंडू केशरी दिसू लागतो. झाक काढताच हातातली पिवळी वस्तू केशरी झाली तर घाबरू नये, त्या पट्टीला थोडे मागे आणावे.

पण झाक पडूच न देणे अधिक चांगले. त्यासाठी पडद्यापासून लांब उभे राहायचे हे सगळे सांगतात. किती लांब? प्रकाश अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात कमी होतो असे आपण शिकवतो, पण तो नियम बिंदूसारख्या लहान स्रोताचा आहे. मोठ्या पडद्याच्या अगदी जवळ असताना एका फुटावरून दोन फुटांवर आलो तरी फारसा फरक पडत नाही, कारण पडदा अजूनही आपल्याला सर्व बाजूंनी वेढून असतो. पडद्याच्या रुंदीइतके तरी अंतर गेल्यावर झाक झपाट्याने घटते. यातून दुसरी गोष्टही निघते: पडदा जितका लहान, तितकी झाक कमी. पूर्ण भिंत हिरवी करण्याचा उत्साह इथे अंगाशी येतो.

मग पडदा लहानात लहान किती चालेल? इथे नववी-दहावीचे समरूप त्रिकोण उपयोगी पडतात. कॅमेरा शिक्षकांपासून १० फूट, शिक्षक पडद्यापासून ६ फूट. हातवारे धरून शिक्षकांना ४ फूट रुंदी लागते. तर पडदा हवा ४ × १६ ÷ १०, म्हणजे ६.४ फूट. कॅमेरा २० फुटांवर नेला तर ४ × २६ ÷ २०, म्हणजे ५.२ फूट. पडद्याबाहेरची भिंत, खिडकी, कपाट चित्रात आले तरी बिघडत नाही. ॲपातल्या कातरण्याच्या सोयीने ते आधीच कापून टाकता येते. हिरवा फक्त माणसाच्या कडेभोवती असला की झाले. अर्थात कॅमेरा दूर गेला की आवाज बारीक होतो, म्हणून तारेचा छोटा माइक किंवा खिशात दुसरा मोबाईल ठेवून आवाज वेगळा घ्यावा लागतो.

मोबाईलची हुशारी

मोबाईल सतत आपल्याला मदत करायला धडपडत असतो आणि आपले काम नेमके त्याच मदतीने बिघडते. चौकटीत हिरवे फार दिसले की तो पांढऱ्याचा तोल बदलून सगळे गुलाबीकडे नेतो. शिक्षक बाजूला सरकले की उजेडाचा अंदाज बदलून पडदा गडद करतो. पडद्याचा हिरवा असा दर क्षणाला बदलू लागला तर पहिल्या मिनिटाला बसवलेली हद्द तिसऱ्या मिनिटाला चुकणारच. बहुतेक मोबाईलवर पडद्यावर बोट दाबून धरले की उजेड आणि फोकस कुलूपबंद होतात. ते करावेच. चेहरा गुळगुळीत करणारी आणि मागचे धूसर करणारी सोय बंद ठेवावी.

दुसरी गोष्ट रंगाच्या काटकसरीची. आपल्या डोळ्याला उजेड-अंधाराचा तपशील बारीक दिसतो, रंगाचा ढोबळ. याचा फायदा घेऊन चित्रफीत साठवताना उजेडाची नोंद प्रत्येक ठिपक्याची ठेवतात, पण रंगाची नोंद चार ठिपक्यांमागे एकच. १९२० × १०८० ठिपक्यांच्या चित्रात रंगाचे चित्र प्रत्यक्षात ९६० × ५४० चेच असते. पाहणाऱ्याला ते जाणवत नाही. पण आपण तर पडदा ओळखतो रंगावरून! म्हणून कड जिन्यासारखी दिसते. मोबाईलमध्ये ‘फोर के’ म्हणजे ३८४० × २१६० ची सोय असेल तर त्यात चित्रण करावे आणि शेवटची चित्रफीत १९२० × १०८० ची काढावी. आता मूळ चित्रात रंगाची नोंद १९२० × १०८० ची होती, म्हणजे शेवटच्या प्रत्येक ठिपक्याला स्वतःचा रंग मिळाला. मोबाईल गरम होतो, जागा भरते, पण केसांची कड सुधारते. आणि चित्रित केलेली फीत व्हॉट्सॲपवर साध्या व्हिडिओसारखी पाठवून मग दुसऱ्या मोबाईलवर संपादन करणे हे टाळावे. वाटेत तिची आणखी पिळवणूक होते. तारेने उतरवून घ्यावी किंवा डॉक्युमेंट म्हणून पाठवावी.

निळ्याऐवजी हिरवा का आला, याचेही उत्तर इथेच आहे. मोबाईलच्या संवेदकावर लाल, हिरव्या, निळ्या गाळण्यांची जाळी असते. कोडॅकच्या ब्राइस बायर यांनी १९७६ साली पेटंट घेतलेल्या मांडणीत निम्म्या गाळण्या हिरव्या, पाव लाल, पाव निळ्या. त्यामुळे हिरव्याची नोंद सर्वांत स्वच्छ येते. निळा पडदा चालतो, पण त्याला उजेड जास्त द्यावा लागतो.

हलणाऱ्या हातांचे बोलू. कॅमेऱ्याची झडप जितका वेळ उघडी तितका हात पुसट, आणि पुसट हात म्हणजे पुन्हा अर्धा हात अर्धा पडदा. मग झडप अगदी थोडा वेळ उघडावी? भारतात वीज ५० आवर्तनांची, म्हणून साधी ट्यूब आणि स्वस्त एलईडी दिवे सेकंदाला १०० वेळा उजळतात-मंदावतात. झडप १/१०० सेकंद उघडी असेल तर नेमका एक ठोका पकडला जातो, १/५० असेल तर दोन. १/६० घेतले तर कधी उजळ भाग जास्त, कधी मंद भाग जास्त; पडद्यावर आडवे पट्टे सरकू लागतात आणि क्रोमा कीची दैना होते. तेव्हा ट्यूबखाली १/१०० ठेवावे. दिवसाच्या उजेडात हे बंधन नाही.

चुडा, गणवेश आणि द्राक्षे

आता मुद्द्याच्या गोष्टीकडे येऊ. या विषयावरचे बहुतेक मार्गदर्शन पाश्चात्त्यांच्या अनुभवावर बेतलेले असते आणि त्यात एक वाक्य हमखास येते: हिरवे कपडे घालू नका. आपल्याकडे हे इतके सोपे नाही. हिरवा चुडा ही इथे केवळ शोभेची वस्तू नाही. ‘चित्रण होईपर्यंत बांगड्या काढून ठेवा’ असे बाईंना सांगणे आम्हाला गैर वाटते. यंत्रासाठी माणसाने बदलण्याऐवजी पडदा बदलावा. पडदा निळा केला की हिशेब निळ्याच्या वजाबाकीचा होतो: बांगडी (२०, ११०, ६०), निळ्यातून मोठा वजा केला की उणे ५०. बांगडी चेहऱ्याइतकीच सुरक्षित! येवल्याची पैठणी हिरवी असली तरी हाच उपाय. जर मात्र कुठलीही असो, धातूच्या तारेसारखी पडद्याचा रंग आरशागत परत पाठवते आणि पदराला बारीक भोके पडतात. तिथे उभे राहण्याचा कोन थोडा बदलून पाहावा.

निळ्या पडद्याची अडचण वेगळी. आपल्या अनेक शाळांत मुलांचा गणवेश आकाशी सदरा आणि गडद निळी पँट असा असतो. सदऱ्याचा ठिपका (१३०, १७०, २१५) धरला तर वजाबाकी ४५. म्हणजे बाईंना निळा पडदा आणि मुलांना हिरवा! दोघे एकाच चौकटीत हवे असतील तर दोन वेगवेगळी चित्रणे करून ॲपात एकावर एक थर म्हणून ठेवावीत. निळा पडदाच नसेल तर आणखी एक युक्ती आहे. बाईंचे हात जर बहुतेक वेळ अंगासमोर असतील, तर तीच चित्रफीत दोन थरांत घ्यावी. एका थराला क्रोमा की लावावी आणि दुसऱ्याला न लावता तो फक्त अंगाच्या आतल्या भागापुरता, कडेला न टेकता, कातरून ठेवावा. पहिल्या थरात बांगडीला भोक पडले तरी त्याच जागी दुसऱ्या थरातली खरी बांगडी असते. हात अंगाबाहेर गेला की मात्र ही युक्ती संपते.

विज्ञानाच्या शिक्षकांची पंचाईत आणखी मोठी. प्रकाशसंश्लेषण शिकवताना हातातले पान (७०, ११०, ४५), वजाबाकी ४०. द्राक्षाचा हिरवा घड तर अर्धपारदर्शक, मागच्या पडद्याचा रंग आपल्यातून जाऊ देणारा. दोन्हींना निळा पडदा बरा. चंचुपात्र, परीक्षानळी, भिंग यांच्यातून पडदा वाकून-वळून दिसतो. तो पुसला की काच पुसली जाते, ठेवला की काच हिरवी. यावर मोबाईल ॲपात समाधानकारक उपाय नाही. काचेचा प्रयोग खऱ्या टेबलावर, खऱ्या भिंतीसमोरच चित्रित करावा असे आमचे स्पष्ट मत आहे. हल्लीची काही ॲपे पडद्याशिवायच माणसाची पार्श्वभूमी काढून टाकतात. ती असंख्य चित्रांवरून माणसाचा आकार ओळखायला शिकलेली असतात. माणूस ठीक ठेवतात, पण हातातले पात्र ‘माणूस नाही’ म्हणून बऱ्याचदा फेकून देतात.

दुतोंड्या मारुतीसमोर बातमीदार

पडदा स्वच्छ निघाला तरी जोडलेले चित्र खोटे दिसू शकते. समजा विद्यार्थ्यांनी गोदावरीच्या पुरावर प्रकल्प केला. नाशिककर पूर मोजतात तो दुतोंड्या मारुतीवरून: पाणी कमरेला लागले, छातीला लागले, गळ्याशी आले. २००८, २०१६ आणि २०१९ च्या पुरांची छायाचित्रे अनेक घरांत आहेत. त्यातले एक मागे लावून विद्यार्थिनीने बातमी सांगायची. पुराचे चित्र ढगाळ दिवसाचे, सावल्या नसलेले; विद्यार्थिनीवर मात्र उजवीकडून कडक ऊन. मन लगेच म्हणते, काहीतरी चुकले. म्हणून पार्श्वभूमी आधी निवडावी आणि प्रकाश तिच्याप्रमाणे योजावा. कॅमेऱ्याची उंचीही जुळावी: मूळ छायाचित्र पुलावरून खाली पाहत काढलेले आणि विद्यार्थिनीचे चित्रण छातीच्या उंचीवरून, तर ती हवेत तरंगते. पाय जमिनीला टेकलेले दाखवायचे तर सावली हवी. त्यापेक्षा कमरेपासून वरचे चित्रण सोपे. पार्श्वभूमी किंचित धूसर केली तर बरे दिसते.

हे सगळे नीट जमले की एक वेगळाच प्रश्न उभा राहतो. गंगापूर धरणातून विसर्ग वाढला की नदीकाठची दुकाने आणि घरे मोबाईलवर येणाऱ्या चित्रांकडे पाहून हलवाहलवी ठरवतात. शाळेत गमतीने केलेली ‘बातमी’ त्या दिवशी फिरू लागली तर कोणाची तरी रात्र जागून जाईल. म्हणून अशा प्रत्येक चित्रफितीवर सुरुवातीपासून शेवटपर्यंत ‘पार्श्वभूमी जोडलेली आहे’ ही अक्षरे ठेवावीत, आणि पूर कोणत्या वर्षीचा तेही लिहावे.

जी मुले स्वतः पडदा वापरतात त्यांना दुसऱ्याची जोडणी ओळखताही येते. केसांची कड थांबवून पाहायची. नाकाची सावली आणि मागच्या खांबाची सावली एकाच बाजूला आहे का ते पाहायचे. सर्वांत उपयोगी खूण हालचालीची: कॅमेरा हातात धरलेला असेल तर त्याच्या हिसक्याने माणूस आणि मागचा पूल दोघांनीही हलायला हवे. माणूस थरथरतो आणि पूल ढिम्म, तर पूल नंतर आणलेला.

करून पाहा

एक हिरवे आणि एक निळे सुती कापड व्हरांड्यात शेजारी टांगा. प्रत्येकासमोर हिरवी बांगडी, गणवेशाचा सदरा, आंब्याचे पान, द्राक्ष, झेंडू, पाण्याने भरलेली परीक्षानळी आणि एका विद्यार्थ्याचा हात ठेवून फोटो काढा. ठिपक्याचे तीन आकडे दाखवणारी साधने मोबाईलवरही मिळतात आणि संगणकावरच्या साध्या चित्रकलेच्या प्रोग्रॅममध्येही असतात. प्रत्येक वस्तूवरचे पाच ठिकाणचे आकडे घेऊन तक्ता करा. हिरव्याची आणि निळ्याची वजाबाकी काढा. नंतर तेच कापड चार घड्या पाडून टांगा आणि घडीतले आकडे घ्या. कोणत्या वस्तूला कोणता पडदा आणि कोणती हद्द चालेल हे मुलांना तक्त्यावरून आधी लिहायला सांगा, आणि मगच क्रोमा कीचे बटण दाबा.